श्री. बाळ फणसळकर यांचं गणित

ही हकीगत २०२२ सालची. आमच्या वसुंधरा सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी चौथ्यांदा फिसकटली, ते साल. बिल्डर निघून गेला होता, त्याने वाटलेली रंगीत पत्रकं तेवढी मागे राहिली होती. ज्या मंडळींनी आधीची दोन वर्षं कार्पेट एरियावरून भांडण्यात घालवली, त्यांच्यापाशी आता भरपूर वेळ आणि भरपूर उत्साह शिल्लक होता. हे मुद्दाम आधी सांगते. एरवी माझ्या गणिताकडे मुलुंड पूर्वेतल्या कुणाचं लक्ष जायचं काही कारण नव्हतं.

घाटकोपरच्या एका कॉलेजात मी जन्मभर गणित शिकवलं. त्यातही माझा विषय डिफरन्शियल इक्वेशन्स. मराठीत त्यांना विकलक समीकरणं म्हणतात, पण तसं म्हणताना मी आजवर फक्त परिभाषा कोशालाच पाहिलं आहे. सोपं सांगायचं तर, एखादी गोष्ट कशी बदलते एवढंच माहीत असतं आणि त्यावरून ती मुळात काय आहे हे शोधून काढायचं असतं. सासरी नवीन आलेली सून पहिलं वर्षभर हेच करत असते.

आमची मुलगी शर्मिष्ठा पवईला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. रविवारी ती जेवायला येते आणि जेवणानंतर मला काहीतरी नवीन दाखवून माझी झोप घालवते. त्या रविवारी तिने लॅपटॉप उघडला.

"आई, तुझी गणितं आता हे सोडवतं. बघ."

हे म्हणजे गणिताची एक लायब्ररी. लायब्ररी म्हटलं तरी पुस्तकं नाहीत. गणितं सोडवायच्या रीती कॉम्प्युटरच्या भाषेत लिहून ठेवलेल्या. जगभरची माणसं त्या आपणहून, फुकट लिहितात. कुणीही वापराव्यात, कुणीही सुधाराव्यात. मी लहान असताना आमच्या गिरगावच्या चाळीत सत्यनारायणाला बटाटे सोलायला जो रिकामा असेल तो बसायचा, तसाच हा प्रकार. फक्त इथे प्रत्येक सोललेला बटाटा आणखी चारजण उलटसुलट करून पाहतात.

मी तिला क्लेरो नावाच्या फ्रेंच माणसाचं एक समीकरण घालायला सांगितलं. त्या समीकरणाची गंमत अशी की त्याला उत्तर म्हणून अगणित सरळ रेषा मिळतात, आणि शिवाय एक वक्र मिळतो, जो त्या सगळ्या रेषांना हळूच स्पर्श करत जातो. पुठ्ठ्याला भोकं पाडून मुली दोरा ओवतात, सगळे दोरे सरळ असूनही मधे एक सुंदर कमान दिसते ना, ती कमान म्हणजे हा वक्र. त्याला सिंग्युलर सोल्यूशन म्हणतात. माझे विद्यार्थी रेषा लिहून मोकळे व्हायचे आणि कमान विसरायचे. मी दरवर्षी त्यांचे दोन गुण कापायची. त्यांच्यातले काहीजण अजूनही डी-मार्टमध्ये मला पाहिलं की दुसऱ्या रांगेत जातात.

लायब्ररीने रेषा लिहिल्या आणि थांबली.

"कमान कुठंय?" मी विचारलं.

"नाही देत बहुतेक."

"पाचपैकी तीन."

"आई, तू त्याला गुण देऊ नकोस. चूक असेल तर दुरुस्त कर. तेच तर आहे ना इथे, कुणीही करू शकतं."

आता इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या विभागप्रमुखांनी एक गाइड काढलं होतं. ते बरंच खपलं, पिवळ्या कव्हरचं. त्यातलं प्रत्येक सोडवलेलं उदाहरण माझं होतं. प्रस्तावनेत आभार होते ते 'सर्व सहकाऱ्यांचे'. मी कधी काही बोलले नाही. पण त्या सर्वांमध्ये शिपाई नंदकिशोरही धरलेला होता आणि तो मला म्हणाला होता, "मॅडम, आपण दोघांनी चांगलं पुस्तक लिहिलं." शर्मिष्ठाने सांगितलं की इथे ज्याने जी ओळ लिहिली तिच्यापुढे त्याचं नाव कायमचं राहतं. मी लगेच चष्मा पुसला.

तरुणपणी पवईला एका उन्हाळी वर्गात मी फोरट्रान ही कॉम्प्युटरची भाषा शिकले होते, भोकं पाडलेल्या पत्त्यांवर. ते पत्ते एकदा माझ्या हातून जिन्यात सांडले होते आणि ते पुन्हा क्रमाने लावताना माझी तेव्हाची एक मैत्रीण कायमची तुटली. त्या मानाने आताची भाषा सोपी वाटली. पावसाळाभर मी शिकत होते. शर्मिष्ठा फोनवरून शंका फेडायची, ऑफिसच्या मीटिंगमध्ये असली की फक्त अंगठा पाठवायची. अखेर क्लेरोची कमान शोधणारा कोड तयार झाला आणि आम्ही तो पाठवला. ह्या पाठवण्याला ते लोक पुल रिक्वेस्ट म्हणतात. 'मी केलेला बदल तुमच्यात घ्या हो', असा तो अर्ज. लायब्ररीची नवी आवृत्ती महिन्याभराने निघणार होती. त्यात घेतलं तर घेतलं, नाहीतर पुढची आवृत्ती वर्षाने. ह्या वयात वर्षभर थांबा म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

पहिलं उत्तर माणसाचं नव्हतंच, यंत्राचं होतं. ओळीच्या शेवटी रिकामी जागा सोडली आहे, म्हणून नापास. मी जागा पुसली. मग ओळी फार लांब आहेत म्हणून नापास. मी आयुष्यभर मुलांना समास सोडायला सांगितलं, आणि उतारवयात मला समासावरून ओरडा बसला. शिवाय मी उदाहरणं विद्यापीठाच्या पेपरातून घेतली होती आणि सवयीने प्रत्येकापुढे गुणही लिहिले होते. ते काढावे लागले. 'खालीलपैकी कोणतेही तीन सोडवा' हेही काढावं लागलं, कारण यंत्र चारही सोडवतं.

मग टोमास नावाच्या माणसाचं उत्तर आलं. हा कुठल्याशा थंड देशातला गृहस्थ. माझं काम तपासायचं त्याच्याकडे होतं. भाषा सभ्य. पहिलंच वाक्य: "नमस्कार बाळ, सुंदर काम."

बाळ हे माझ्या नवऱ्याचं नाव. समोर मी अजून 'अहो'च म्हणते, पण लिहिताना सोयीचं म्हणून बाळ लिहिते. बाळ विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि त्यांनी फणसळकरांचा कुलवृत्तांत लिहायचा म्हणून हा लॅपटॉप घेतला होता. वृत्तांत मूळ पुरुषापाशीच अडला, पण लॅपटॉपमध्ये त्यांचं नाव आणि त्यांचा ईमेल तसाच राहिला. मी लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली लॅपटॉपने इमानाने 'बाळ फणसळकर' असं लिहून ठेवलं होतं. विजेच्या बिलावर तेच, गॅसवर तेच, दारावरच्या पाटीवर तेच. बिचाऱ्या यंत्राला आमच्या घराची रीत कळली होती.

"शर्मिष्ठा रविवारी आली की बदलू," मी म्हटलं. पण टोमासचे ईमेल बाळच्या फोनवर येत होते आणि रविवार यायला अजून अवकाश होता.

एका सकाळी पोहे खाताना बाळ म्हणाले, "तुझ्या त्या टोमासला मी उत्तर दिलं गं."

"तुम्ही? काय दिलंत?"

"पोच दिली. आलेल्या पत्राला पोच द्यायची असते, नाहीतर समोरच्याला वाटतं आपण झोपलोय."

"त्याने विचारलं होतं की समीकरणातल्या पी चा घात ऋण असेल तर कमान मिळते का."

"हो ना. म्हणून तर लिहिलं, आपला मुद्दा आमच्या विचाराधीन आहे."

मी पाहिलं. खरंच तसं लिहिलं होतं, इंग्रजीत, विमा कंपनीच्या इंग्रजीत. टोमासने खाली एक हसरा चेहरा टाकला होता. मला बाळवर रागावताही येईना. चाळीस वर्षं ज्या माणसाने लोकांचे दावे विचाराधीन ठेवले, त्याने एक ऋण घातही ठेवला तर बिघडलं कुठे. मी ऋण घाताचं खरं उत्तर पाठवलं. तेही बाळच्याच नावाने गेलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण बाळ संध्याकाळी बागेत बाकावर बसतात. तिथे देवव्रत काणे असतात, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आणि आमचे सेक्रेटरी दत्ताराम परब असतात. परबांचे वडील मालवणहून गिरणीत आले. हे स्वतः कुरिअर कंपनीत होते, आता सोसायटी चालवतात. बाळने तिथे सांगितलं की घरातून एक गणित जगाच्या लायब्ररीत चाललं आहे. आपण केलं असं ते म्हणाले नाहीत. कुणी केलं हेही म्हणाले नाहीत. काणे म्हणाले, "अर्जाचा पाठपुरावा केल्याशिवाय आजकाल काही होत नाही फणसळकर." परब म्हणाले, "माका लिंक धाडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश: 'आपल्या बी विंगचे श्री. बाळ फणसळकर यांचे गणित जगात गाजत आहे. सर्व सभासदांनी खालील लिंकवर जाऊन पाठिंबा द्यावा.'

आमच्या सोसायटीत पाठिंबा कसा देतात हे टोमासला कोणी सांगितलं नव्हतं. पुनर्विकासाच्या वेळी असे पाठिंबे देऊन देऊन सगळ्यांचा सराव झाला होता. लोकांनी नातवंडांना बसवून तिथे खाती उघडून घेतली. दुपारपर्यंत माझ्या कोडखाली गुलाबाची फुलं, हात जोडलेले, पेटत्या समया, 'अभिनंदन काका', 'झकास', आणि दुसऱ्या मजल्यावरच्या प्रांजलचं 'बाळकाका रॉक्स' येऊन पडलं. एकाने चुकीच्या ठिकाणी विचारलं की उद्या पाणी कमी दाबाने येणार का. त्याला दुसऱ्याने तिथेच उत्तर दिलं की हो, टाकी धुणार आहेत. काणेंनी रीतसर पत्र लिहिलं: 'महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की अर्जदार ज्येष्ठ नागरिक असल्याने प्रकरण तातडीने निकाली काढावे.' आणि परबांनी हिंदीत लिहिलं की टोमास साहेब, फणसळकर काका सज्जन माणूस आहेत, कधी कुणाच्या अध्यात नाहीत.

संध्याकाळी त्या पानावर कुलूप होतं. खाली एक ओळ: बनावट खात्यांकडून मजकूर येत असल्याने ही चर्चा बंद करून प्रस्ताव रद्द करण्यात येत आहे.

परब आमच्या घरी आले ते चप्पल न काढताच. "बनावट? वैनी, आमी बनावट? माझो मालवणातलो सातबारो दाखवतंय मी तेका."

"सातबारा नको परब. तुम्ही कृपा करून काही दाखवू नका."

"पण काकांचा गणित?"

"ते गणित माझं आहे परब."

परबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाळकडे. बाळ खिडकीतून टाकीकडे पाहत होते. "अरे देवा," परब म्हणाले, "शनिवारी काकांचो सत्कार ठेवलेलो आसा. शाल हाडून झाली."

परब गेले. मला टोमासचा राग नव्हता, सोसायटीचाही फारसा नव्हता. मला ते पिवळं गाइड आठवत होतं. ह्या वेळी तर सर्व सहकारीसुद्धा नव्हते. माझं काम एका नावाखाली गेलं आणि ते नाव घेऊन बाहेर फेकलं गेलं.

"तू त्याला लिही," बाळ म्हणाले. "तुझ्या नावाने. मला सगळ्यांना बागेतच सांगता आलं असतं. त्यांनी मलाच समजून घेतलं आणि मला जरा बरं वाटलं, म्हणून गप्प बसलो."

इतकं सरळ बोलल्यावर भांडण पुढे नेता येत नाही. ही ह्यांची जुनी युक्ती आहे, पण ती दरवेळी खरी असते.

मी शर्मिष्ठाला फोन करून माझ्या नावाचा ईमेल काढून घेतला आणि टोमासला लिहिलं. मी कुंदा. बाळ माझे यजमान, ते सज्जन आहेत पण त्यांना विकलक समीकरण म्हणजे काय ते माहीत नाही. ज्यांना तुम्ही बनावट समजलात ते माझे शेजारी आहेत, सगळे खरे आहेत, दुर्दैवाने. फुलं आमच्याकडे अशीच देतात. माझं गणित तेवढं तपासा.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. टोमासने क्षमा मागितली, कुलूप काढलं, प्रस्ताव पुन्हा उघडला. फुलं राहू द्यायची का काढायची असंही विचारलं. आणि शेवटी एक ओळ: "कुंदा, एक साधं उदाहरण तुमच्या कोडला घालून पाहिलं. कोड कोसळतो."

मी घालून पाहिलं. कोसळला.

हे उदाहरण इतकं साधं होतं की मला लाज वाटावी. क्लेरोच्या समीकरणात एक भाग असतो, तो कसलाही असू शकतो. टोमासने तो अगदी सरळ, एकघाती घेतला होता. तसं घेतलं की माझा कोड कमान शोधायला जायचा, त्याला काहीच मिळायचं नाही, आणि मी मात्र त्या रिकाम्या यादीतलं पहिलं उत्तर मागत बसले होते. एवढ्या वर्षांत हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? कारण असं गणित आमच्या पेपरात कधीच येत नाही. ते इतकं सोपं की ते पहिल्या प्रकरणात सुटतं. क्लेरोच्या प्रकरणात पेपर काढणारा त्याला पाऊल ठेवू देत नाही. पेपर काढणारी बऱ्याचदा मीच असायची. मी जगातल्या सगळ्या समीकरणांसाठी कोड लिहिते आहे असं मला वाटत होतं. लिहिला होता मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेला बसणाऱ्या समीकरणांसाठी. यंत्राला प्रकरणं माहीत नसतात.

कागदावर मी दुरुस्ती करू लागले, पण तिथे कमान का नाही हे हाताला कळत होतं, डोळ्याला दिसत नव्हतं. आणि जे डोळ्याला दिसत नाही ते मी कधी शिकवलेलं नाही. अशात शनिवार उजाडला. सत्कार रद्द करा म्हणून मी परबांना दोनदा सांगितलं.

"वैनी, पताका लावन झाले," परब म्हणाले. "आता कार्यक्रम होतलोच. कोणाचो ता मंचार ठरवूया."

कंपाउंडमध्ये खुर्च्या, एक टेबल, टेबलावर शाल आणि नारळ. काणेंनी प्रास्ताविक केलं; त्यात क्लेरोचं नाव नव्हतं पण तीन शासन निर्णयांचे क्रमांक होते. मग बाळना बोलावलं. परबांनी, ठरल्याप्रमाणे की सवयीने कोण जाणे, शाल त्यांच्याच खांद्यावर घातली आणि नारळ त्यांच्या हातात दिला. बाळने माईक घेतला.

"मी फक्त पोच दिली," बाळ म्हणाले. "गणित कुंदाचं आहे. मी आयुष्यात तिच्या विषयातलं एक पान वाचलेलं नाही. तुम्ही त्या माणसाला लिहिलंत ते चांगल्या मनाने लिहिलंत, पण नाव चुकीचं दिलंत, आणि ते मी चुकू दिलं. तिला वर बोलवा."

टाळ्या वाजवायच्या का नाही हे लोकांना पटकन कळेना. परबांची बायको शेवंती मात्र उठली. "बाईमाणसाक शाल कसली घालतास," असं नवऱ्याला म्हणत तिने बाळच्या हातातला नारळ काढून घेतला, मला कुंकू लावलं आणि तोच नारळ माझ्या ओटीत घातला. शाल बाळच्या खांद्यावरच राहिली. ऑक्टोबरचा उकाडा होता, घाम गाळत ते तशीच सांभाळत उभे राहिले.

ओटी सावरत मी मान वर केली आणि मला पताका दिसल्या. गणपतीतल्या शिलकी पताका परबांनी घाईत एकाच खांबाला बांधून चहूकडे ताणल्या होत्या. सगळ्या दोऱ्या सरळ, सगळ्या एकाच बिंदूतून निघालेल्या. पुठ्ठ्याच्या एकाच भोकातून सगळे दोरे ओवले तर कमान व्हायला जागाच कुठे राहते? टोमासच्या उदाहरणातल्या रेषा अशाच होत्या. सगळ्या एका ठिकाणी मिळणाऱ्या. तिथे कमान नाही, एक ठिपका आहे, आणि ठिपक्याला उत्तर म्हणत नाहीत.

"वैनी, दोन शब्द," परब म्हणाले.

"परब, पताका फार छान बांधल्यात," मी म्हटलं आणि घरी गेले. लोकांना हे विनयाचं वाटलं असं नंतर कळलं.

दुरुस्ती चार ओळींची होती. रेषा एका बिंदूतून जात असतील तर कमान शोधायला जाऊ नये, एवढंच. रविवारी शर्मिष्ठा आली. तिने सांगितलं की नाव बदलायचं तर सगळा जुना इतिहास पुन्हा लिहावा लागतो, प्रत्येक नोंदीतून बाबांचं नाव पुसून आईचं घालावं लागतं.

"पुसा, पुसा," बाळ म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. थोड्या वेळाने आतून विचारलं, "सगळ्या नोंदींतून का?"

"सगळ्या, बाबा."

"ती विचाराधीनची पण?"

"ती चर्चेत आहे. ती राहील."

"मग ठीक आहे."

मंगळवारी टोमासने काम मंजूर केलं. आवृत्तीबरोबर जी नावांची यादी निघाली त्यात मधे कुठेतरी, एका ब्राझीलवाल्याच्या खाली आणि एका कोरियन मुलीच्या वर, कुंदा फणसळकर असं होतं. ना श्रीमती, ना मॅडम, ना मधे बाळ.

आता कोणाचं काय झालं ते सांगते. पुनर्विकास पाचव्यांदाही फिसकटला. काणेंनी त्या लायब्ररीला आणखी एक पत्र पाठवलं, 'प्रकरण निकाली काढल्याबद्दल आभारी आहोत' असं. ते अजून तिथे आहे आणि त्याला टोमासने दिलेली पोचही आहे. परब सेक्रेटरीपदाची निवडणूक हरले आणि पुढच्याच वर्षी पुन्हा जिंकले. शेवंती आता माझ्याकडे नातीला गणितासाठी पाठवते. मुलीला गणित येत नाही पण स्वभाव छान आहे. शर्मिष्ठाने नोकरी बदलली, नवं ऑफिसही पवईतच, तळ्याच्या दुसऱ्या बाजूला. बाळने कुलवृत्तांत पुन्हा हाती घेतला आहे आणि मूळ पुरुषाच्या बायकोचं नाव शोधत आहेत. कोणत्याच कागदात मिळत नाही म्हणून अस्वस्थ असतात. टोमासला मुलगी झाली. त्याने मला फोटो पाठवला आणि मी त्याच्या पानावर, जाहीर, गुलाबाचं फूल टाकलं.

माझा कोड फार टिकला नाही. गेल्या वर्षी लिस्बनच्या एका मुलाने ते सगळंच नव्याने लिहिलं, माझ्यापेक्षा आटोपशीर, आणि त्यात माझ्या जेमतेम काही ओळी उरल्या. तपासायला ते माझ्याचकडे आलं, कारण आता तिथल्या तपासणाऱ्यांत माझंही नाव आहे. मी दोन दिवस घेतले. चूक शोधली, खूप शोधली, मिळाली नाही. मंजूर केलं.